तलावाआधी विहीर पाहणाऱ्या मामांस

आदरणीय मामा यांस,
सादर नमस्कार.

आमच्या परसातला पोहण्याचा तलाव पुन्हा वापरात आला आहे आणि त्याचे श्रेय आपले आहे, हे आपल्याला समक्ष सांगितले तेव्हा आपण "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून हे लेखी, आणि चारचौघांच्या देखत. बेळगाव-खानापूर भागात शेतघरांच्या आवारात असे लहान तलाव हल्ली काही ठिकाणी दिसू लागले आहेत. जोराच्या पावसानंतर त्यांचे काय करावे याची रीत त्यांच्या मालकांनाही कळावी, हा या पत्राचा दुसरा हेतू आहे.

कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाला उसंत नसते, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. पुनर्वसूचा तरणा पाऊस सरून पुष्याचा म्हातारा लागला, तेव्हा वरच्या बांधावरून तांबड्या मातीचे पाणी परसात उतरले आणि तलावाच्या काठावरून आत गेले. पाण्याखालची दुसरी पायरी दिसेना, फणसाची आणि काजूची पाने जाळीच्या टोपलीत कुजू लागली, आणि पाणी इतके वर चढले की वरचा कचरा ओढून घेणारे तोंडच बुडून निकामी झाले. अशा कामांच्या एका कंत्राटदाराने फोनवरच सल्ला दिला की सगळे पाणी उपसून टाका, तळ घासून घ्या आणि टँकरने पुन्हा भरा. सल्ला सोपा होता, घरात बहुतेकांना पटलाही होता, आणि मोटर भाड्याने आणायची बोलणी सुरू झाली होती.

त्याच दुपारी आपण आलात. तलावाकडे न बघता आधी विहिरीकडे गेलात, कठड्यावरून वाकून पाणी कुठवर आले आहे ते पाहिलेत, आणि मागे वळून एवढेच म्हणालात, "मोटर आणू नका." विहिरीचे पाणी जमिनीपासून जेमतेम हातभर खाली होते, आमच्या तलावाचा खोल भाग साडेपाच फुटांचा आहे. म्हणजे तलावाच्या भिंतींना आणि तळाला बाहेरून जमिनीतल्या पाण्याने वेढले होते, आणि आतले पाणीच त्या दाबाला तोलून धरत होते. आमचा तलाव २६ फूट लांब, १३ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल, म्हणजे आत सुमारे ३८,००० लिटर पाणी, अर्थात ३८ टन वजन. ते उपसले असते तर उरलेले काँक्रीटचे कवच, रिकामी घागर पाण्यावर तरंगते तसे, खालच्या पाण्याने वर उचलले असते. तळ फुगला असता, फरशा निखळल्या असत्या, नळ सांध्यांतून तुटले असते. तळाशी बाहेरचा दाब आत सोडणारी झडप असते, पण आमच्या तलावात ती बसवलेलीच नाही, हेही आपण तळाचे झाकण चाचपून सांगितलेत. मोठ्या दुरुस्तीच्या खर्चातून आम्ही वाचलो ते या एका वाक्यामुळे, आणि मला वाटते की तलाव बांधून देणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य मालकाच्या हातात किल्ली देतानाच सांगायला हवे.

पाणी कमी करायचे ते वरचे वितभरच, तेही कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत उतरेल इतकेच, असे आपण ठरवून दिलेत. त्याआधी पंपाच्या खोलीत ओल शिरली होती म्हणून मेन बंद करायला लावलेत आणि वायरमनने मोटर तपासेपर्यंत बटणाला हात लावू दिला नाहीत. विजांच्या कडकडाटात पंप चालवायचा नाही, हाही दंडक आता घरात सर्वांना पाठ आहे.

आपण सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. आम्ही सगळे आभाळाला दोष देत होतो. आपण हिशेब मांडून दाखवलात की एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी तलावाच्या उघड्या पाण्यावर थेट पडते ते सुमारे ३,१०० लिटर, म्हणजे एकूण पाण्याच्या आठ टक्क्यांच्या आसपास. त्याने क्लोरीन पातळ होतो, पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, थोडी उतरते, पण पाणी तांबडे होत नाही. तांबडेपणा आला तो बांधावरच्या मातीतून, आणि तिच्यासोबत शेतातल्या खताचा अंशही आला, ज्यावर शेवाळ पोसले जाते. म्हणून औषधाच्या डब्याला हात लावण्याआधी आपण खोरे घेतलेत आणि वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी ओहोळाकडे वळवलेत. छपराच्या पागोळ्यांचे पाणी काठावर पडत होते, त्याला पन्हळ लावायला सांगितलेत. भर पावसात गुडघाभर चिखलात उभे राहून केलेले ते काम मजुरीच्या हिशेबात कुठेच धरलेले नव्हते.

मग आली औषधांची पाळी, आणि इथे आपला क्रम मी जसाच्या तसा नोंदवते, कारण बहुतेक जण इथे उलटे करतात आणि पहिल्याच संध्याकाळी क्लोरीन ओततात. आपण चाचणीच्या पेटीतल्या दोन नळ्या उजेडाकडे धरल्यात. क्लोरीनच्या नळीत पिवळी छटासुद्धा उमटली नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाच नव्हता. क्षारता ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) भरली, जी ८० ते १२० असायला हवी. म्हणून पहिल्यांदा अडीच किलो खायचा सोडा पाण्यात विरघळवून चारही बाजूंनी सोडलात. त्यानंतर तुरटी, किलोभराहून थोडी अधिक. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची रीत आमच्या आजीलाही माहीत होती, पण तुरटी स्वतःच पाण्याची क्षारता खाते आणि म्हणून सोडा आधी पडला पाहिजे, हे मला आपल्याकडून कळले. तुरटीचे पाणी थोडा वेळ फिरवून पंप बंद केला आणि रात्रभर तलाव निवांत ठेवला. सकाळी मातीचे कण गोळा होऊन तळाशी तांबडी साय धरली होती, आणि तिच्यावरचे पाणी निवळले होते.

ती साय वाळूच्या फिल्टरमधून न्यायची नाही, नाहीतर वाळूच चिकटून बसते, हे आपण बजावलेत. सक्शनची नळी हळूहळू तळावरून फिरवत ती सरळ बाहेर सोडलीत. घाईने ब्रश फिरवला तर सगळे पुन्हा वर उठते, म्हणून माझ्या धाकट्या दिराच्या हातातून आपण दांडा काढून घेतला होता, ते त्याला अजून आठवते. बाहेर जाणारे हे पाणी खालच्या भाताच्या वाफ्यांत उतरणार होते, आणि रोपे कोवळी होती. म्हणूनच आपण क्लोरीन शेवटी ठेवला होता. दुसऱ्याच्या शेताचा विचार करून आपल्या कामाचा क्रम बांधणारी माणसे थोडी असतात, मामा.

क्लोरीन संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाकलात, कारण उन्हात तो लवकर उडून जातो. ६५ टक्के क्लोरीनची दाणेदार पावडर, सुमारे ६०० ग्रॅम, बादलीत आधी पाणी आणि मग पावडर या क्रमाने. या पावडरीला आणि क्लोरीनच्या गोळ्यांना एकच मग कधी वापरायचा नाही, दोन्ही एकत्र आले तर भडका उडू शकतो, असे सांगून आपण एका मगाच्या कानाला तांबडा दोरा बांधलात. तो दोरा अजून तिथेच आहे. नंतर रात्रभर पंप चालला, फिल्टरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळावरचा काटा, फिल्टर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक) वर गेला की पंप बंद करूनच फिल्टरच्या झडपेचा दांडा फिरवायचा आणि उलट्या प्रवाहाने वाळू धुवायची, हे आपण माझ्याकडून करवून घेतलेत. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत आपण कोणालाही पाण्यात उतरू दिले नाहीत. पोरांनी किती आर्जवे केली, तरीही.

पंपाच्या खोलीच्या भिंतीवर आपण पेन्सिलीने लिहिलेले आकडे मी पुसू दिलेले नाहीत. क्लोरीन १ ते ३, पीएच ७.२ ते ७.८, आणि त्याखाली "पाऊस झाला की आधी टोपली". काठाला आपण लावलेल्या फळीवरून बेडूक आता आपले आपण बाहेर पडतात, त्यामुळे टोपलीत मेलेले सापडत नाहीत. माझे सासरे गुडघ्यांसाठी पाण्यात चालतात. त्यांचा व्यायाम पुन्हा सुरू झाला आहे आणि त्यांनी आपल्याला मुद्दाम नमस्कार कळवला आहे.

खोल भागातल्या फरशांच्या सांध्यांतले सिमेंट सुटले आहे, ते काम पाणी उपसल्याशिवाय होणार नाही, असे आपण म्हणाला होतात, आणि उपसा वैशाखात, विहीर तळाला गेल्यावरच करायचा, असेही. त्या कामाला आपणच यावे, दिवस आपण ठरवावा. विहिरीच्या पाण्याची पातळी मी आपल्याला वेळोवेळी फोनवर कळवीत जाईन. आणि मजुरीचे पाकीट या वेळेसारखे अर्धे परत करू नये, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
जांबोटी रस्त्यावरच्या घरातील थोरली सून
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव