गवत आहे म्हणून गाव आहे

चुरापचा, साखा प्रजासत्ताक
जुलै

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस की हिवाळ्यात उणे पन्नासपर्यंत थंडी पडते तिथे माणसं शेती कशाला करतात. तेवढ्यात फोन कटला, म्हणून आता नीट लिहिते.

हे गाव रशियात, सायबेरियातल्या साखा प्रजासत्ताकाची राजधानी याकुत्स्कच्या पूर्वेला साधारण १८० किलोमीटरवर आहे. वाटेत लेना नदी लागते. तिच्यावर याकुत्स्कपाशी अजून पूल नाही. उन्हाळ्यात बोटीतून आणि हिवाळ्यात थेट गोठलेल्या पात्रावरून गाड्या जातात. बर्फ धरताना आणि फुटताना मात्र दोन्ही काठ एकमेकांना पारखे होतात.

इथली शेती म्हणजे गवत. बार्ली, बटाटे होतात, पण गावाचा जीव गवतात. लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात मधेच मोठी, उथळ, वाटोळी कुरणं लागतात आणि बहुतेकांच्या मधोमध तळं असतं. त्यांना अलास म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातला बर्फ वितळला, वरची माती खचली, खळग्यात पाणी साठलं आणि काठाने गवत माजलं. इथल्या साखा, म्हणजे याकुत, लोकांचे पूर्वज दक्षिणेकडून गुरं-घोडी घेऊन आले, ते या कुरणांच्या आधाराने राहिले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

सध्या सगळं गाव गवत कापतंय. ट्रॅक्टर आहेत, पण तळ्याकाठी अजून लांब दांड्याचं पातं चालवावं लागतं. आजोबा कापतात, नातवंडं ओढतात, बायका गंज रचतात. एका गाईला हिवाळ्यासाठी जवळपास दोन टन वैरण लागते, कारण वर्षातले बहुतेक महिने ती गोठ्यातच असते. घोडी मात्र वर्षभर बाहेर. खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खातात. पशुवैद्य म्हणून इतकी वर्षं काम केलं, पण असं जनावर पाहिलं नव्हतं. इथल्या मूळच्या याकुती गाई बुटक्या, दाट केसांच्या, अगदी कासेवरही केस. आता त्या फार थोड्या उरल्यात. गोठ्याला खोतोन म्हणतात, आणि थंडी आत येऊ नये म्हणून त्याच्या भिंती शेणाने लिंपतात. मला तुझ्या आजीची आठवण आली. आणि पिण्याचं पाणी? शरदात तळ्यातल्या बर्फाच्या लाद्या कापून गोठलेल्या जमिनीतल्या तळघरात ठेवतात आणि लागेल तशा वितळवतात.

गवत गेलं की काय होतं, ते या गावाने भोगलंय. दुष्काळाची वर्षं लागली आणि १९४२ साली, ऐन युद्धात, चुरापचा भागातल्या ४१ सामूहिक शेतांवरची माणसं उठवून उत्तरेला मासेमारीला पाठवली. आयुष्यभर गुरं राखलेली माणसं, त्यांच्याकडे ना जाळी, ना उबदार घरं. भुकेने आणि थंडीने कितीतरी मेली. वाचलेले पुढे परतले. पिढ्या उलटल्या तरी घराघरांत हे सांगतात, आणि मला ते ऐकताना बोलवत नाही.

तू तालमीत जातोस म्हणून हेही सांगते. याच गावात द्मित्री कोर्किन या शिक्षकांनी पोरांना कुस्ती शिकवली. त्यांचे शिष्य रोमान द्मित्रियेव १९७२ ला म्युनिकमध्ये आणि पावेल पिनिगिन १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकून आले. वस्तादांना नक्की सांग.

पण मला खरी काळजी वाटते ती जमिनीची. सोव्हिएत काळात शेतांसाठी, विमानतळासाठी जंगल साफ केलं. झाडं आणि शेवाळ यांचं पांघरूण गेलं, त्यात हवाही तापत चालली. मातीतल्या बर्फाच्या पाचरा वितळू लागल्या आणि सपाट शेतात टेंगळं नि खड्डे उठले. जुना विमानतळ असाच सोडून द्यावा लागला. काही शेतांत ट्रॅक्टर नेणंही मुश्कील. ज्या वितळण्याने अलास दिले तेच आता गिळायला उठलंय, कारण नवं कुरण तयार व्हायला लागणारा काळ कुणाच्या हयातीत मावत नाही. शहरात बसून "हलवा त्यांना" म्हणणाऱ्यांना १९४२ ठाऊक नसावं. मला वाटतं, जंगल राखावं, घरं खांबांवर उचलावीत, पण ही माणसं आपल्या गुरांजवळच राहू द्यावीत.

आता थांबते. ढग भरून आलेत, पाऊस यायच्या आत गंज झाकायचा आहे आणि हात कमी पडतायत. जेवणखाण वेळेवर कर, बाबांचं औषध चुकवू नकोस.

तुझी,
आई