मीटर युनिट मोजतो, ऊन कोण मोजणार?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय, स.न.वि.वि.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर भागात छपरावर सोलर बसवून घेणाऱ्यांचं पेव फुटलंय. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळं ते साहजिकच. तक्रार अनुदानाची नाही. बसवलेलं पॅनेल नीट चालतंय का, हे ग्राहकाला कळायची सोय नाही, ही आहे.

समजा, मार्चमधल्या एका दिवशी दर चौरस मीटरला ६ युनिट ऊन पडलं. ३ किलोवॉटच्या संचानं कागदोपत्री ३ गुणिले ६, म्हणजे १८ युनिट द्यायला हवेत. दिले ११, म्हणजे ६१ टक्के. जुलैत ऊन ३ युनिटच. तेव्हा ९ पैकी ७ मिळाले, म्हणजे ७८ टक्के. पण घरमालक मार्चमध्ये खूश असतो आणि जुलैत एजंटाला शिव्या घालतो! दुखणं मार्चचं आहे, हे त्याला सांगणार कोण?

पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले. चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, असं धरून काढलेले. एप्रिलच्या दुपारी आमच्या पत्र्यावर सेल सहज ६० अंशांवर जातो. २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली, तरी १२ टक्के तिथंच गेले. त्याला इलाज नाही. मात्र गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून येऊन बसणारी काजळी धुता येते, सैल जोड आवळता येतो, माडाची सावली टाळता येते. कुठली घट कशामुळं, एवढं तरी कळायला हवं.

म्हणून मागणी साधी आहे. खानापूरचा पाऊस वेगळा, अथणीचं कोरडं ऊन वेगळं. तेव्हा खानापूर, चिकोडी आणि अथणी इथं हेस्कॉम या आमच्या वीज कंपनीच्या एकेका उपकेंद्रात ऊन मोजणारा पायरॅनोमीटर बसवा. शेजारी दोन सारखी पॅनेलं ठेवा, एक रोज पुसलेलं, दुसरं तसंच सोडलेलं. दोन्हींतला फरक म्हणजे काजळीचा हिशेब. देखभालीला बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची मुलं घ्या. (यंत्राची काचही रोज पुसायला सांगा, नाहीतर तेच खोटं बोलायला लागेल.) आणि महिन्याला आपल्या तालुक्यात किती ऊन पडलं, तो आकडा बिलावर छापा, कन्नडसोबत मराठीतही. भागाकार आमचे आम्ही करू.

आपला,
चिकोडी तालुक्यातील एक वीजग्राहक