चिठ्ठीवर ज्यांचं नाव, त्यांनी ती भाजी पिकवलीच नव्हती

प्रति,
संस्थापक व व्यवस्थापन

विषय: शेतकऱ्याच्या नावाची खोटी चिठ्ठी, महिनाभर दाद नाही, उरलेल्या 14 आठवड्यांची रक्कम परत मिळणे

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं 37 मिनिटं बोलणं झालं. हा पाचवा फोन होता. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

दर शनिवारी तुमच्याकडून घरी येणारी सेंद्रिय भाजीची टोपली म्हणजे काय, तिच्यातली चिठ्ठी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ती कल्पना तुमचीच. 2017 साली कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही दोघं आला होतात, सतरंजीवर बसून बोलला होतात. प्रत्येक भाजीबरोबर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि काढणीचा वार लिहिलेली चिठ्ठी येईल, असं तुम्हीच सांगितलंत. त्या चिठ्ठीसाठी मी सभासद झाले. मेथीची जुडी मंडईत 15 रुपयांना मिळते, तुमच्याकडे 40 ला. वरचे 25 रुपये मी कशाचे देत होते, याचा हिशोब तुम्हाला माहीत आहे.

आता घडलं ते सांगते. डिसेंबरात मी 24 आठवड्यांचे 10,800 रुपये आगाऊ भरले. 10 टोपल्या आल्या. त्यातली सहावी भोगीची. बाजरी, तीळ, गाजर, वांगी, सोलाणा, पावटा, बोरं, सगळं होतं. सोलाण्याला बुरशी होती, ती गोष्ट वेगळी. पावट्यावर सासवडजवळच्या शेतकरी काकांच्या नावाची चिठ्ठी होती. काकांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांचे पैसे अजून तुमच्याकडे अडकले आहेत.

संक्रांतीच्या सकाळी तिळगूळ घ्या म्हणायला मी काकांना फोन केला. दरवर्षी करते. बोलता बोलता म्हटलं, काका, यंदाचा पावटा जरा जून वाटला. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, यंदा मी पावटा टाकलाच नाही. दिवाळीपासून कंपनीला माझा माल बंद आहे. चार महिन्यांचं बिल थकलंय."

फोन ठेवला आणि फ्रिजवर चिमट्याने अडकवलेल्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. मी त्या ठेवते, नातीला गावांची नावं वाचायला आवडतात म्हणून. डिसेंबरपासून काकांच्या नावाच्या सात चिठ्ठ्या होत्या. मेथी, शेपू, मुळा, पुन्हा मेथी, हिरवा लसूण, करडई, पावटा. दिवाळीपासून ज्यांनी तुम्हाला एक काडीही दिली नाही, त्यांच्या नावावर तुम्ही मला सात भाज्या विकल्यात.

त्याच दिवशी मी ई-मेल केली. तुमच्या यंत्राचं उत्तर आलं, माणसाचं नाही. पहिले चार फोन कसे झाले ते सांगत बसत नाही. दोनदा "परत कॉल येईल" म्हणाले, आला नाही. एकदा भलत्याच सभासदाची तक्रार वाचून दाखवली. एकदा गाणं वाजत राहिलं आणि लाइन तुटली. कालचा फोन मात्र शब्दन् शब्द लिहिते, कारण तुमची माणसं तुमच्या नावाने काय बोलतात ते तुम्ही वाचलं पाहिजे.

आधी एक मुलगा होता. आवाजावरून नवीन वाटला. त्याने विचारलं, "मॅम, आयटम मिसिंग आहे की डॅमेज?" मी म्हटलं, दोन्ही नाही, चिठ्ठी खोटी आहे. तो थांबला. म्हणाला, "मॅम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये. डॅमेज टाकू का?" मी नको म्हटलं. भाजी खराब असल्याची तक्रार नाही, ज्या माणसाने ती पिकवली नाही त्याचं नाव तुम्ही लावलंत ही तक्रार आहे, असं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "मग क्वालिटी इश्यू टाकतो." त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जे रकाने तुम्ही ठेवलेत त्यातलाच एक तो निवडणार.

मग त्याने वरिष्ठ बाईंना फोन दिला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तारखांसकट. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मॅम, ती चिठ्ठी फक्त फीलसाठी असते. कस्टमरला कनेक्ट वाटावं म्हणून. टेम्पलेट असतं ते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून विचारलं, म्हणजे चिठ्ठीवरचं नाव खरं नसतं? त्या म्हणाल्या, "मॅम, भाजी तुम्हाला मिळाली ना? फ्रेश होती ना? मग कोणी पिकवली याने काय फरक पडतो?"

मी म्हटलं, मी स्वतः काकांशी बोलले आहे. तेव्हा त्यांचा सूर बदलला. "तुम्ही व्हेंडरला परस्पर कॉल केलात? मॅम, ते आमच्या पॉलिसीच्या विरुद्ध आहे. तुमचं अकाउंट रिव्ह्यूला जाऊ शकतं."

व्हेंडर! ज्या माणसाच्या ओसरीवर तुम्ही आम्हाला पंगतीला बसवलंत, तो व्हेंडर. ज्यांचा नंबर तुम्हीच पहिल्या वर्षी चिठ्ठीवर छापलात, "शेतकऱ्याशी बोला" असं वर लिहून, त्यांना तिळगुळाचा फोन केला म्हणून मी गुन्हेगार. शेवटी त्यांनी माझ्या वॉलेटमध्ये 60 रुपये टाकत असल्याचं सांगितलं आणि "अजून काही मदत करू शकते का" विचारलं. मला रडू आलं. 58 वर्षांची बाई भाजीच्या चिठ्ठीवरून रडते, हे त्यांना समजणार नाही, पण तुम्हाला समजायला हवं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर देते, कोणी पिकवली याने काय फरक पडतो. पानाला भोक आहे म्हणून भाजी सेंद्रिय ठरत नाही आणि पान तकतकीत आहे म्हणून फवारलेली ठरत नाही. बघून, चाखून, धुऊन घरात कळत नाही. कळतं ते माणसावरून. तुमच्या पिशवीवर जे पीजीएस-इंडियाचं, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सरकारी प्रमाणपत्राचं, चिन्ह छापलंय, त्या पद्धतीचा पायाच हा आहे. एका गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या रानात जाऊन तपासणी करतात, एकमेकांची हमी घेतात. हे मला काकांनी त्यांच्या बांधावर उभं राहून सांगितलं होतं. गटातल्या एकाने तणनाशक मारलं तर सगळ्यांच्या प्रमाणपत्रावर येऊ शकतं, म्हणून ते शेजाऱ्याच्या पंपावरही लक्ष ठेवतात. म्हणजे नाव हीच हमी. नाव खोटं म्हणजे हमी गेली, पिशवीत उरली ती कुठलीतरी मेथी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे 2017 चे नियमही मालाचा माग उत्पादकापर्यंत लागला पाहिजे असंच सांगतात. तो तुमच्याकडे कुठपर्यंत लागतो? गोदामापर्यंत?

मी गटाचं प्रमाणपत्र मागितलं होतं. तिसऱ्या फोननंतर पीडीएफ आली. तिची मुदत गेल्या मार्चमध्ये संपली आहे, आणि त्या यादीतही काकांचं नाव आहे.

2019 च्या शिवारफेरीचे फोटो तुम्ही अजून ॲपवर वापरता. त्यातल्या एका फोटोत निळ्या पिंपात काठी फिरवणारी माझी मुलगी आहे. पिंपात जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं घरचं खत: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काकांनी तिला सांगितलं होतं, एकाच दिशेने ढवळायचं. रासायनिक सोडून जमीन सेंद्रिय होईपर्यंतच्या वर्षांत उतारा निम्म्यावर आला आणि भाव साधाच मिळाला, तेव्हा काकूंनी दोन गाईंच्या दुधावर घर चालवलं, हेही तिथेच ऐकलं. त्यांच्या त्या वर्षांचे पैसे तुम्ही माझ्याकडून घेत होतात. ते पैसे त्यांना पोचत नव्हते हे मला तिळगुळाच्या फोनवर कळावं?

आणि 2020. मार्च अखेरीला सगळं बंद झालं, तेव्हा तुमच्याकडे ॲप नव्हतं, गोदाम नव्हतं, एक टेम्पो होता. पहाटे पाचला तो आमच्या फाटकाशी यायचा. पार्किंगमध्ये खडूने चौकोन आखून मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आठवड्याला 63 टोपल्या लावल्या, अडीच महिने. एक रुपया घेतला नाही, मागायचं मनातही आलं नाही. तुम्ही तेव्हा आम्हाला कुटुंब म्हणायचात. आमचाही त्यावर विश्वास होता. माझा तर अगदी गेल्या महिन्यापर्यंत होता.

त्या कुटुंबाचं पुढे काय झालं तेही लिहिते. चौथ्या फोननंतर मी आपल्या भागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकली: चिठ्ठीवरच्या शेतकऱ्याशी अलीकडे कोणी बोललंय का? वीस मिनिटांत ती ओळ काढली गेली. संध्याकाळपासून ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. आता तिथे रोज सकाळी स्ट्रॉबेरीची ऑफर येते. ज्या ग्रुपवर आम्ही अंबाडीची भाजी कशी करायची, चाकवत कसा ओळखायचा, कंटोळी कुठल्या गावची आली हे एकमेकींना सांगायचो, तो तुम्ही जाहिरातीची पाटी करून टाकलात. दोघींनी मला वेगळा मेसेज केला. त्यांच्याकडेही काकांच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत. एकीकडे तर जानेवारीतल्या टोमॅटोवर आहे. काका टोमॅटो लावतच नाहीत.

चिठ्ठी फीलसाठी असते. हे वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही. उद्या सेंद्रिय हा शब्दही फीलसाठी असतो म्हणाल.

माझ्या मागण्या लिहून देते, म्हणजे कुठल्या रकान्यात टाकायच्या हा प्रश्न येणार नाही. उरलेल्या 14 आठवड्यांचे 6,300 रुपये माझ्या बँक खात्यात परत करा, वॉलेटमध्ये नको, आणि ते 60 रुपयेही काढून घ्या. डिसेंबरपासून काकांच्या नावाने विकलेली भाजी प्रत्यक्षात कुठून आली, ते त्या भाजीच्या प्रत्येक सभासदाला लेखी कळवा. काकांचं नाव आणि फोटो ॲपवरून आजच काढा. त्यांचं थकलेलं बिल चुकतं करा. ही शेवटची मागणी करण्याचा मला कायदेशीर अधिकार नसेल, तरी करते, कारण तुम्ही त्यांच्या नावावर माझे पैसे घेतलेत.

ई-कॉमर्ससाठीचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम तुमच्या कायदा सल्लागारांना माहीत असतील. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, तेही तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानिशी. तुमच्या ॲपवर त्या अधिकाऱ्याचं नाव मला सापडलं नाही. माझ्या ई-मेलला महिना उलटून गेला आहे. या पत्रानंतर सात दिवस थांबेन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सात चिठ्ठ्या, मुदत संपलेलं प्रमाणपत्र आणि कालच्या फोनची वेळ माझ्याकडे आहे. फोन रेकॉर्ड होतो असं तुमचीच ध्वनिफीत सुरुवातीला सांगते, तो जपून ठेवा. अन्नसुरक्षा विभागाकडेही प्रत जाईल, तुमच्या पिशवीवरच्या 14 आकडी परवाना क्रमांकासह.

मला हे काही करायचं नव्हतं. तुम्हाला बंद पाडून मला काय मिळणार? मला शनिवारी दारात काकांची मेथी हवी होती, मुळाला माती लागलेली. ती तुम्ही आठ वर्षं दिलीत, हे मी आयोगापुढेही सांगेन.

या शनिवारची टोपली पाठवू नका. पिशव्या प्लॅस्टिकच्या झाल्या त्याआधीच्या तुमच्या तीन कापडी पिशव्या माझ्याकडे राहिल्या आहेत. धुऊन, घडी करून वॉचमनकडे ठेवते. डिलिव्हरीच्या मुलाला घेऊन जायला सांगा.

आपली,
2017 पासूनची सभासद
कोथरूड, पुणे