गुण्या आणि ओळंबा

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी हात धुवून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, शिरत होतो. ‘रात्री करतो’ असा निरोप दिला आणि बघता बघता तीन आठवडे गेले. शिव्या भेटल्यावर घाल. पेढे मात्र वेळेत पोचले आणि वेळेत संपलेही.

लेकीला एमएस ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेची, सीट मिळाली याचा मला तुझ्याहून जास्त आनंद झालाय, कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते तुला ठाऊक नाही. तू तीन गोष्टी विचारल्यास: तिने पुढे सांधेबदलात जावं का, मुलीला झेपेल का, आणि पैसा आहे का. तिसरं विचारताना दोनदा खोकलास. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून कागद घेतला.

आधी हिशेब. एमबीबीएसची साडेपाच गेली. आता एमएसची तीन, मग सरकारी नोकरीच्या बाँडचं एक, मग सांधेबदल शिकायच्या फेलोशिपचं निदान एक. म्हणजे स्वतःच्या नावाचा पहिला गुडघा ती करेल तेव्हा तिशी ओलांडलेली असेल. पहिले सहा महिने तर सांध्याचं नखही दिसायचं नाही. प्लास्टर रूम, मोडलेलं हाड ताणून धरायच्या ट्रॅक्शनच्या पिना, कॅज्युअल्टीत मोटरसायकलवाले, आणि छत्तीस छत्तीस तासांनी अंघोळ. मी पालिकेच्या रुग्णालयात दोन महिने फक्त पाय उचलून धरायचं काम केलंय. औषधाने रंगवायला पाय, धुवायला पाय. सर म्हणायचे, ‘पाय हलला की तूही हललास समज.’

ताकदीचं म्हणशील तर ते लोकांनी उठवलेलं खूळ आहे. हाड ताकदीने कापत नाहीत, पात्याला कापू देतात. वरून सलाइनची धार धरायची, नाहीतर हाड करपतं. लोक जोर म्हणून बघतात तो बहुतेक वेळा घाईचा असतो. पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन अंगावर घेऊन उभं राहणं खरं जड, पण तो मलाही जडच होतो.

तुला आठवतं, वखारीमागच्या शेडमध्ये अण्णा आपल्याला करवतीला हात लावू द्यायचे नाहीत? ‘आधी गुण्या लाव, मग करवत उचल.’ तू मला सुतार म्हणतोस ना, तर बाबा, आमचं सगळं शास्त्र त्या शेडमधलंच आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दोरी धरली तर ती गुडघ्याच्या मधून जायला हवी. हा आमचा ओळंबा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे पाय फेंगडे झालेले असतात, दोरी गुडघ्याच्या आतल्या अंगाने जाते, आणि नेमकी तीच बाजू झिजते. नडगीचं हाड दोरीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, कापायचं. मांडीचं कापताना आतल्या पोकळीत सळई घालून तिच्याशी पाच-सहा अंशांचा कोन धरायचा. मग पाय सरळ केल्यावर आणि वाकवल्यावर मधली फट दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. पेशंट याला ‘वाट्या बदलणे’ म्हणतात. वाटीला आम्ही बऱ्याचदा हातही लावत नाही, पण मी आता दुरुस्त करत बसत नाही.

शेवटी सांधा हाडाला पक्का करायचं सिमेंट. भुकटीत द्रव ओतला की नाकात झिणझिण्या आणणारा वास सुटतो. आधी पातळ, मग भाकरीच्या पिठासारखं. हातमोज्याला चिकटेनासं झालं की लावायचं, सांधा बसवायचा आणि पाय सरळ दाबून धरायचा. आठ-दहा मिनिटं. हाताखाली ते गरम होत जातं. त्या वेळात ओटीत कुणी बोलत नाही. झालेली चूक त्यानंतर तिथेच कायमची बसते.

खरं लिहायचं होतं ते हे. गेल्या महिन्यात एक बाई आल्या. कराडकडच्या, निवृत्त शिक्षिका. तेरा वर्षांपूर्वी मीच केलेला गुडघा, आता दुखतोय. एक्स-रे लावला. बसवलेल्या सांध्याची खालची पट्टी आतल्या अंगाला खचलेली. जुनी फिल्मही त्यांनी पिशवीत जपून आणली होती. ती शेजारी लावली, कोन मोजला. चार अंश. खचायच्या आधीच तो काप तिरपा होता. माझा काप. तेव्हा मी फेलोशिप करून नुकता आलो होतो, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती.

त्यांना सांगितलं. म्हणाल्या, ‘तेरा वर्षं चालले की मी. दोनदा पंढरपूरला जाऊन आले. आता सरळ करा.’

स्वतःचंच जुनं काम पातळ पटाशांनी, हाड न गमावता सोडवायला मला पाऊण तास लागला. एका बाजूला माझं सिमेंट इतकं घट्ट होतं की मीच मला शिव्या घातल्या.

त्या रात्री मला जॉन चार्नली आठवला. मी इंग्लंडात विगनजवळच्या रायटिंग्टनच्या इस्पितळात वर्षभर होतो ना, तिथलाच हा हाडांचा सर्जन. ते मूळचं क्षयरोग्यांचं इस्पितळ. तिथे त्याने आजचा खुब्याचा सांधा घडवला. आधी त्याने खुब्याच्या उखळीत टेफ्लॉन बसवलं. सुमारे तीनशे माणसांना. पेशंट खुशीत चालायला लागले आणि तीन-चार वर्षांत उखळ्या झिजून आत चुरा साचला. ते सांधे त्याने स्वतः उघडले, एकामागून एक. पुढे १९६२ मध्ये एक विक्रेता कापडगिरणीतल्या गिअरच्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलीने तो उडवून लावला, पण त्याचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने साहेब परगावी असताना तो घर्षणयंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस फिरूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजेल तेवढाही तो झिजला नाही. तरी चार्नलीने दोन्ही प्लास्टिकं आधी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. आपला सांधा तो कुणालाही विकू देत नसे. आधी रायटिंग्टनला येऊन शिका, मग न्या. मला तर त्या क्रेव्हनचंच जास्त कौतुक वाटतं.

पैसा. आहे. पूर्वीइतका नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, तेव्हा आमच्यातले बरेच जण कंपन्यांहून जास्त रडले. ते बघून मला जे कळायचं ते कळलं. रोबोटने करायच्या ऑपरेशनचं लेक विचारत असेल तर सांग, रोबोट चार अंशांची चूक होऊ देणार नाही. पण ज्या बाईला गुडघा नाही तर कंबर दुखतेय, तिचाही गुडघा तो तितकाच सुरेख कापेल.

तर दिवाळीत तिला आठ दिवस माझ्याकडे धाड. ओटीत नाही, ओपीडीत बसवतो. दहा वर्षांपूर्वीचे पेशंट दारातून कसे चालत येतात ते बघू दे, मग काय ते ठरवू दे. कराडच्या बाईंचे टाके गुरुवारी काढायचेत, काल वॉकर घेऊन व्हरांडाभर फिरल्या.

आणि अण्णांचा तो शिसवी मुठीचा गुण्या माळ्यावर असेल तर तिच्याबरोबर पाठव. गंजला असला तरी चालेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुतार