तिला शर्यतीबद्दल विचार

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू खूप आनंदात होतीस. "आई, साडेतीन लाख व्ह्यूज झाले!" म्हणालीस, आणि मी नुसतं "हं" म्हटलं. बरं नाही का, असं तू विचारलंस तेव्हा दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला. दूध उतू जात नव्हतं. मला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि बोलले असते तर आपण भांडलो असतो. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. बालेवाडीच्या ट्रॅकवर ८०० मीटरची अंतिम शर्यत नुकतीच संपली आहे. १९ वर्षांची ती मुलगी गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी आहे, तिचा श्वाससुद्धा जागेवर आलेला नाही. तू माईक पुढे करतेस. "कसं वाटतंय?" ती काहीच बोलत नाही. "पदक थोडक्यात गेलं, आता घरी काय सांगणार?" ती मान खाली घालते. मग तू म्हणतेस, "वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात, कर्ज काढून त्यांनी तुला इथवर आणलं. त्यांची आठवण येतेय का?" तिथे ती कोसळते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या जवळ जातो आणि तिथेच थांबतो. १९ सेकंद. मी मोजले. आणि खाली मथळा, 'पदक हुकलं अन् लेक ढसाढसा रडली'.

तू दुष्ट नाहीस, रेवा. तू कनवाळू आहेस, लहानपणापासून आहेस. तिच्याबद्दल तुला खरंच वाईट वाटत होतं, हे तुझ्या आवाजात ऐकू येतं. तरीही त्या १९ सेकंदांत जे झालं ते बरं झालं नाही.

माझ्या खो-खोबद्दल तुला शोकेसमधल्या दोन ढालींइतकंच माहीत आहे. खेळ का सुटला असं तू एकदा विचारलं होतंस, तेव्हा मी "लग्न झालं" म्हणून विषय संपवला. ते अर्धंच खरं होतं.

१९९२ साली राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी पहिल्या तुकडीत होते. माझ्याकडून दीड-दोन मिनिटांच्या संरक्षणाची अपेक्षा होती. मी ३५ सेकंदांत बाद झाले. आक्रमण करणारी मुलगी खांबापर्यंत जाणार असं मी धरून चालले, तिने मध्येच खो दिला, आणि मी जिच्या समोरून पळत होते तिलाच तो मिळाला. अंदाज चुकला, एवढंच. सामना आम्ही हरलो. मैदानाबाहेर येते तोच एक वार्ताहर पुढे आला आणि त्याने विचारलं, "तुझं लग्न ठरतंय म्हणे. खेळात लक्ष नव्हतं का?" मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी छापून आलं की लग्नाच्या विचारांत असलेल्या खेळाडूमुळे संघाचा घात झाला. माझ्या नावासकट.

आप्पांनी ते वाचनालयात, चार लोकांदेखत वाचलं. घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. दोन महिन्यांनी पुढच्या शिबिराचं पत्र आलं ते त्यांनी फडताळात ठेवलं आणि म्हणाले, "पुरे आता." मी २१ वर्षांची होते. तुझे बाबा भेटले ही माझ्या आयुष्यातली चांगली गोष्ट आहे, ती वेगळी. पण खेळ माझ्या हातून गेला तो त्या प्रश्नामुळे. विचारणारा तो प्रश्न लगेच विसरलाही असेल.

त्याच्या दोन वर्षं आधी, इचलकरंजीच्या एका स्पर्धेत मला दुसरा एक वार्ताहर भेटला होता. वयस्कर, सायकलवर आलेला. सामना संपल्यावर त्याने मला आधी पाणी पिऊ दिलं. मग शेजारी बसून वहीत मैदान काढलं, दोन खांब, मधले आठ चौक, आणि पेन्सिल एका चौकावर ठेवून म्हणाला, "इथून तू सरळ सुटू शकली असतीस. उलटी का फिरलीस?" रेवा, माझ्या आयुष्यात तोपर्यंत कुणी मला असं विचारलं नव्हतं. प्रशिक्षकांनीसुद्धा नाही. मी अर्धा तास बोलत होते. छापून आल्या चारच ओळी, पण त्यात मी उलटी का फिरले ते होतं. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे, दिवाळीत दाखवीन.

'कसं वाटतंय?' हा प्रश्न सामना न पाहताही विचारता येतो. म्हणूनच तो मला सलतो. खेळाडूने वर्षानुवर्षं घाम गाळून जे काही केलं ते आपण पाहिलंच नाही, असं तो प्रश्न तिच्या तोंडावर सांगतो. 'उलटी का फिरलीस' हे विचारायला सामना बघावा लागतो, आणि बघितलेलं समजावंही लागतं.

तुला २०१६ सालची सानिया मिर्झाची ती मुलाखत आठवते? तू दहावीत होतीस, आपण दोघींनी मिळून पाहिली होती. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली, आणि एका नामवंत पत्रकाराने तिला विचारलं की तू स्थिरस्थावर कधी होणार, मातृत्वाचं काय? ती शांतपणे म्हणाली, मी स्थिरस्थावर झालेय असं तुम्हाला वाटत नाही का? त्या पत्रकाराने तिथल्या तिथे माफी मागितली, हा त्याचा मोठेपणा. तू त्या दिवशी सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्यास. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या तोंडावर मिताली राजला तिचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण असं विचारलं, तेव्हा तिने उलट विचारलं की हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का? तेही तू मला फोनवरून वाचून दाखवलं होतंस.

त्या दोघींना उत्तर देता आलं. तुझ्यासमोरच्या मुलीला ते येणार नव्हतं. नाओमी ओसाकाचं बघ. चार ग्रँड स्लॅम जिंकलेली टेनिसपटू. २०२१ साली फ्रेंच ओपनमध्ये तिने पत्रकार परिषदांना येणार नाही असं सांगितलं, मनावर त्याचा ताण येतो म्हणाली, तर पहिल्या सामन्यानंतर १५,००० डॉलरचा दंड झाला आणि शेवटी तिने स्पर्धाच सोडली. एवढ्या मोठ्या मुलीला 'नको' म्हणणं इतकं महागात पडलं. बालेवाडीच्या त्या पोरीला तर 'नको' म्हणता येतं हेच ठाऊक नव्हतं. समोर माईक आला म्हणजे उभं राहायचं, ताईंनी विचारलं म्हणजे ऐकून घ्यायचं, एवढंच तिला माहीत.

आणि बोडी मिलरची मुलाखत तर तूच मला दाखवली होतीस, तुमच्या पत्रकारितेच्या वर्गात शिकवली म्हणून. सोचीचं हिवाळी ऑलिंपिक, २०१४. वयाच्या ३६व्या वर्षी स्कीइंगमध्ये कांस्य मिळवलेला माणूस. त्याचा धाकटा भाऊ आदल्याच वर्षी गेलेला. मुलाखत घेणारी बाई भावाबद्दल विचारते, तो कसंबसं उत्तर देतो. ती पुन्हा विचारते, तो पुन्हा सांगतो. ती तिसऱ्यांदा विचारते, की सुरुवातीला तू आकाशाकडे बघून कुणाशी तरी बोलत होतास, ते काय होतं? आणि तो रडू लागतो, त्याला बोलता येत नाही, आणि कॅमेरा हलत नाही. ती बाई कोण होती? क्रिस्टिन कूपर, स्वतः १९८४च्या ऑलिंपिकमधली स्कीइंगची रौप्यविजेती. त्या बर्फावरून खाली येणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी तिला थांबता आलं नाही. मिलरने नंतर लोकांना सांगितलं की तिला दोष देऊ नका, ते त्या क्षणाच्या भरात झालं. मलाही ते पटतं. पण अमेरिकेत रात्री ते दाखवलं गेलं तेव्हा ते थेट प्रक्षेपण नव्हतं. कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या हातात कितीतरी तास होते. त्यांना तो भाग कापता आला असता.

तुझ्याही हातात वेळ होता, रेवा. मैदानावर तुझी चूक झाली, ती कुणाचीही होते. पण संध्याकाळी टेबलापाशी बसून, चहा घेत, कुणीतरी तो मथळा लिहिला. कुणीतरी त्या १९ सेकंदांतला सगळ्यांत ओला चेहरा निवडून बाहेर लावला. तू तिथे होतीस का, ते मला माहीत नाही. असशील तर तू बोलायला हवं होतंस.

गरिबीचं विचारूच नये असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे खेळाडू गरिबाघरचा असला की बातमी तिथेच संपते. नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं तेव्हा इथे सांगली-कोल्हापुरात किती आनंद झाला होता! रेल्वेत तिकीट तपासनीस, अगदी धोनीसारखा, हे मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. पण गुडघ्यावर बसून नेमबाजी चालली होती तेव्हा मागे असलेला हा मुलगा उभ्याने नेम धरायच्या फेरीत वर कसा आला? सगळ्यांत अवघड म्हणतात ती फेरी. तेव्हा त्याचे खांदे, त्याचा श्वास, त्याचं डोकं काय करत होतं? मला ते वाचायचं होतं. ते शोधायला मला फार खणावं लागलं.

आता तू म्हणशील, मग काय गोडगोडच विचारायचं? मुळीच नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला डेव्हिड वॉल्श हा पत्रकार वर्षानुवर्षं उत्तेजकांबद्दल विचारत राहिला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आर्मस्ट्राँगने जाहीर अपमान केला. शेवटी २०१२ साली आर्मस्ट्राँगची 'टूर द फ्रान्स' सायकल शर्यतीची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. ते प्रश्न बोचरे होते आणि ते विचारायलाच हवे होते. शिबिरात मुलींना दूध-अंडी मिळतात का, सोबत महिला प्रशिक्षक आहे का, प्रवासाचे पैसे कुणी खाल्ले, हेही विचारायलाच हवं. फक्त ते पदाधिकाऱ्यांना विचार, त्यांच्या दारात उभी राहून विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नकोस. धाप लागलेल्या पोरीला विचारून काय मिळणार?

माझं एक ऐक. तो मथळा आणि तो चेहरा काढायला सांग. ऐकत नसतील तर भांड, तुला भांडता येतं. आणि त्या मुलीला फोन कर. आधी तिची माफी माग, कॅमेरा नसताना. मग ती हो म्हणाली तरच तिच्या गावी जा, सरावाच्या वेळी नाही, सराव झाल्यावर.

तू मला पूर्ण शर्यतीचं चित्रीकरण पाठवलं होतंस ना, तेही मी पाहिलं. पहिल्या वळणानंतर सगळ्या आतल्या लेनकडे आल्या तेव्हा ती मुद्दाम पुढे गेली, आणि ४०० मीटरपर्यंत एकटी पुढे राहिली. मागच्या तिघी तिच्या आडोशाने निवांत पळत होत्या. शेवटच्या ८० मीटरमध्ये त्या तिघी तिच्या पुढे गेल्या. इतकी चांगली धावणारी मुलगी हे उगाच करणार नाही. कुणी तसं पळायला सांगितलं होतं, की गर्दीत पाय अडकायची भीती वाटली, की शेवटच्या वेगावर तिचा भरवसा नव्हता? साडेतीन लाख लोकांनी तिला रडताना पाहिलं, आणि त्यांतल्या एकालाही हे कळलं नाही.

तिला ते विचार. आणि ती काय म्हणाली ते मला कळव, मी वाट पाहते आहे.

तुझी,
आई