वाचनालयात एक कप्पा खतांच्या पुस्तकांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या वाचनालयाची यंदाची ग्रंथखरेदीची यादी करताना कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि स्पर्धा परीक्षांची गाइडे यांनीच पान भरले. शेतीच्या नावाखाली दोन पुस्तके आली, दोन्ही यशोगाथा. पलूस-तासगाव पट्ट्यातल्या ज्या गावात खताची उधारी हा घरोघरचा विषय आहे, तिथल्या वाचनालयात पिकाला काय लागते, कशातून मिळते आणि कशामुळे मिळत नाही हे सांगणारे, हाताशी ठेवून पुन्हा पुन्हा उघडावे असे एकही पुस्तक नाही. आजूबाजूच्या बहुतेक वाचनालयांत हेच दिसेल.

‘शेतकरी वाचत नाही’ हे मला पटत नाही. बाटलीमागचे बारीक अक्षर उन्हाकडे धरून वाचणारी माणसे मी रोज पाहतो. मोबाइलवर तर सल्ल्यांचा पूर आहे. द्राक्षाच्या खरड छाटणीपासून अमुक दिवशी हे सोडा, तमुक दिवशी ते फवारा, अशी शेड्यूल्स या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतात. ती लिहिणाऱ्याला आपली जमीन मुरमाड की काळी हे माहीत नसते, आणि त्याला ‘का’ विचारायची सोय नसते. संदर्भपुस्तक लागते ते यासाठी.

उसाच्या खोडव्यातला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकातला केवडा घ्या. शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पुढे पान पांढुरके होते. शेतकरी ते पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेतो आणि मायक्रोन्यूट्रियंटचा कुठला तरी डबा घेऊन परत येतो. वास्तविक निदान पानाच्या वयातच असते. केवडा हा लोहाच्या कमतरतेचा. लोह झाडात एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानावर दिसते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ते खालच्या पानांतून काढून शेंड्याला पुरवते, म्हणून तिथे जुनी पाने आधी पिवळी होतात. द्राक्षात पोटॅशचा मारा झाला की मॅग्नेशियमची अशीच ओढाताण होते. एवढे एक पान, रंगीत फोटोंसह, गावात असते तरी कितीतरी डबे दुकानातच राहिले असते.

आणि लोह कमी आहे हे कळले तरी काम संपत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाच्या मुळाला लागत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसते फेकले तर तेही तसेच अडकते. ते शेणखतात मुरवून द्यावे लागते किंवा फवारावे लागते. चिलेटेड, म्हणजे जमिनीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेले, असे सांगून विकले जाणारे सगळे लोहही सारखे नसते. ईडीटीएमध्ये बांधलेले लोह आपल्या आठच्या पुढच्या सामूत (पीएचमध्ये) टिकत नाही. ईडीडीएचएमधले टिकते, पण खिशाला झोंबते. डब्यावर दोन्ही नावे छापलेली असतात, फरक मात्र कोणी सांगत नाही.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन असे बारा आकडे येतात. मुक्त चुना त्यांत नाही! आपल्या भागात पहिला प्रश्न तोच, आणि तो प्रयोगशाळेत वेगळा तपासून घ्यावा लागतो हेच अनेकांना ठाऊक नाही. कृष्णाकाठच्या बिघडलेल्या जमिनींचेही तसेच. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर निचरा हाच उपाय, जिप्सम लागते ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीला, आणि चोपणात चुना भरपूर असेल तर गंधकही चालते. आमच्याकडे सरसकट जिप्समचे ट्रॉलीभर ढीग पडतात.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषीदर्शनी दरवर्षी निघते. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, ऊसवाल्यांची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र तर आपल्या दारात. शिफारशी तयार आहेत, पण त्या हेक्टरी किलोत असतात आणि आमचा हिशेब एकराचा नि पोत्यांचा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश ही नेहमीची शिफारस. एकराला ती साधारण १६०, ६८, ६८ होते. नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या डीएपी खताची तीन पोती टाकली की स्फुरद भागते आणि २७ किलो नत्रही येते. उरलेल्या नत्राला ४५ किलोची जेमतेम साडेसहा पोती युरिया आणि पालाशला सव्वादोन पोती म्युरेट ऑफ पोटॅश. डीएपीतले नत्र कोणी धरतच नाही, म्हणून युरियाचे सव्वा पोते उगाच जास्त पडते. शिवाय हा सगळा युरिया हप्त्याहप्त्याने द्यायचा असतो, ते वेगळेच.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली वाचनालये खेडोपाडी आहेत, त्यांना पुस्तकांसाठी अनुदानही मिळते. त्यातून पीकपोषणाचा एक संदर्भ-कप्पा उभा करायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे आणि पिकते तिथे स्ट्रॉबेरी. तिथल्या एखाद्या घरात स्ट्रॉबेरीच्या खतपाण्याचे कपाट असेल तर बघायला मी मुद्दाम जाईन. पुस्तके घेताना अट एकच असावी. एखाद्या कंपनीने आपला माल खपवायला छापलेली पुस्तिका त्यात नको, मग ती फुकट का असेना.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. आडसालीच्या लागणी जुलै-ऑगस्टमध्ये होतात. त्याआधी जूनच्या एखाद्या अंकात ऊस, द्राक्ष आणि हळदीचा खतांचा तक्ता एकर आणि पोत्यांत, विद्यापीठाकडून तपासून घेऊन छापावा. तो भिंतीला चिकटवायचे काम आमचे वाचनालय करील.

आपला,
एक ऊस-द्राक्ष उत्पादक वाचक
ता. पलूस, जि. सांगली