मेंदूच्या सुजेवर ब्रुफेन मागू नका, पोराला डॉक्टरकडं न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. हल्ली कौंटरवर एक नवीनच मागणी यायला लागलीय म्हणून हे पत्र लिहितोय. कुठला तरी व्हिडिओ फिरतोय, त्यात सांगितलंय की भास होणं, संशय येणं हे सगळं मेंदूला सूज आल्यामुळं होतं, सूज उतरली की माणूस बरा, मानसोपचाराच्या गोळ्यांची गरजच नाही. परवा एक मावशी आल्या, पोराची चिठ्ठी हातात, त्यावर रिस्पेरिडोन, म्हणजे भास-संशय कमी करणारी गोळी, लिहिलेली, आणि म्हणाल्या, "ही नको, ह्याच्या डोस्क्यात सूज आलिया म्हणत्यात, सुजेचीच द्या की. रात्रभर जागा असतोय, एकटाच कायतरी पुटपुटालाय." त्यांना बाकड्यावर बसवून जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असं विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

व्हिडिओत सगळंच खोटं आहे असं नाही आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. सायकोसिसची (भास होणं, खोटा संशय पक्का बसणं, ह्या आजाराची) सुरुवात होते तेव्हा काही पेशंटच्या रक्तात इंटरल्युकिन-६, सीआरपी असे सुजेचे पदार्थ वाढलेले सापडतात हे खरंय. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२०१४ साली छापून आला) वयाच्या ९व्या वर्षी ज्या मुलांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त होतं त्यांना १८व्या वर्षी भास-भ्रमासारखे अनुभव येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. २०१६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे सायकोसिसच्याच एका लांब चालणाऱ्या आजाराचा, धोका वाढवणारं एक जनुक, सी-४ नावाचं, हे मुळात शरीराच्या प्रतिकारशक्तीचंच जनुक आहे. वयात येताना मेंदू पेशींमधले नको असलेले जोड छाटून टाकतो, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ते काम करतात, आणि ह्या जनुकामुळं ती छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी असा अंदाज आहे. स्कॅन करून बघितलं तर आजार सुरू होण्याच्या काळात मेंदूचा करडा भाग काही पोरांत नेहमीपेक्षा जास्त वेगानं पातळ होत गेलेला दिसतो. म्हणजे हा आजार शरीरातला आहे, पोराचा हट्ट नाही, आईबापाच्या संस्कारात खोट नाही आणि कुणाची करणी तर नाहीच नाही. एवढी एक गोष्ट गावात पोचली तरी निम्म्या घरांचं ओझं उतरेल असं मला मनापासून वाटतं.

पण ही सूज म्हणजे पाय मुरगळल्यावर येते तसली नव्हे. वर सांगितलेले फरक शेकडो लोकांची सरासरी काढल्यावर दिसतात, तुमच्या पोराचा एकट्याचा सीआरपी काढून त्याला सायकोसिस आहे की नाही हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घालवू नका. सूज कमी करून बघायचे प्रयोगही झालेत. मिनोसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक सुरुवातीच्या पेशंटना वर्षभर देऊन बघितलं, २०१८ साली निकाल आला, काहीच फायदा दिसला नाही. ब्रुफेन किंवा हळदीची कॅप्सूल तर नेहमीच्या गोळीची जागा घेऊच शकत नाही. त्यात कुणाला लिथियम (हेही मानसिक आजारावरचंच औषध) चालू असेल आणि त्यानं मनानं ब्रुफेन घेतलं तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, हे मेडिकलवाल्या सगळ्या मित्रांनी गोळी देण्याआधी विचारलंच पाहिजे. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मधेच सोडली की आजार उलटायचा धोका किती वाढतो ते मी चिठ्ठ्यांवर बघतोय, तेच नाव परत येतं आणि डोस वाढलेला असतो.

एक प्रकार मात्र असा आहे जिथं सूज हेच मूळ असतं. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच (पेशींवरची निरोप घेणारी जागा) उलटते, २००७ साली डॉ. जोसेप डालमाऊ यांनी हा आजार दाखवून दिला. बहुतेक वेळा तरुण पोरी असतात, चांगली हसती-खेळती मुलगी थोड्याच दिवसांत असंबद्ध बोलायला लागते, मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठ होणं, कधी ताप. हे फार कमी जणांना होतं, पण असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका, न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. वेळेत स्टिरॉइड आणि बाकी उपचार मिळाले तर ह्यातल्या बहुतेक जणी चांगल्या सुधारतात. अशी पोरगी अंगात आलंय म्हणून देवळात बसवून ठेवली तर केवढं नुकसान होईल विचार करा.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जाऊ नका असं मी म्हणत नाही, माझ्या घरचेही जातात. भंडारा लावा, नवस बोला, पण त्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञाला पण दाखवा. पोरगं कॉलेज सोडून खोलीत बसतंय, झोपत नाही, शेजारी आपल्याबद्दलच बोलतात म्हणतंय, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवतंय, हे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका वेळ जातो तितकं पुढं सुधारणं अवघड जातं. धारवाडला मनोरुग्णांचा मोठा दवाखाना आहे, त्यामुळं आपल्याकडं 'धारवाडला नेलं' म्हटलं की लोक वेड लागलं असा एकच अर्थ काढतात आणि त्या भीतीनं, पोरीचं लग्न मोडेल ह्या काळजीनं, महिनेच्या महिने जातात. फोनवर विचारायचं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

शेवटी एक मागणी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ह्या आजाराची माहिती कन्नडबरोबर मराठीतही लावा. ह्यात सीमावाद आणू नका. कानात कोण काय बोलतंय हे पेशंट आपल्याच भाषेत सांगणार, आणि निदान त्या सांगण्यावरच होतं. आमच्या गावातली माणसं शेजाऱ्याला दुभाषा म्हणून सोबत नेतात आणि शेजाऱ्यासमोर आई निम्मं बोलतच नाही. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण ह्या भागात आशा कार्यकर्त्या मराठी बोलणाऱ्या आहेत, त्यांना ह्या लक्षणांचं एक दिवसाचं ट्रेनिंग द्यावं आणि पेशंटबरोबर दवाखान्यात बसायची परवानगी द्यावी. पत्रकं छापून मिळाली तर माझ्या दुकानात मी ठेवीन, बाकीचे दुकानदारही ठेवतील.

आपला,
एक औषध दुकानदार, खानापूर तालुका